भूगोलाला किती होते?

मागच्या महिन्यात मामाकडे गेले होते. मामेबहीण यंदा दहावीला आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि आल्यागेल्याला हळू बोलायची ताकीद. ती हॉलमध्ये फरशीवर पालथी पडून ब्राझीलच्या नकाशात ॲमेझॉन निळी करत होती. मान वर न करताच म्हणाली, "ताई, तुला भूगोलाला किती होते गं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि आकडा आलाच नाही. संस्कृतचे मार्क मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील, गणिताचे विसरायचे म्हटले तरी विसरत नाहीत. भूगोलाचे? म्हटलं, "आमचा भूगोलाचा पेपर झालाच नाही." तेव्हा कुठे तिने मान वर केली. "म्हणजे शून्य?" "शून्य कसं असेल? सरासरी काढून दिले." "कशाची सरासरी?" "बाकीच्या विषयांची." तिने पेन्सिल दातात धरून जरा विचार केला. "म्हणजे मराठी नि गणित चांगलं गेलं म्हणून तुला ब्राझील आलं?" स्वयंपाकघरातून मामीच्या हसण्याचा आवाज आला. "भारीये ताई. फुकटात," असं म्हणून ती परत ॲमेझॉनकडे वळली.

ते 'फुकटात' माझ्याबरोबर एसटीत बसून फलटणपर्यंत आलं.

घरी आल्यावर कपाटातली फाइल काढली. मार्कशीटवर भूगोल असा वेगळा लिहिलेलाच नसतो. सामाजिक शास्त्रे, आणि समोर एकच आकडा. त्यात इतिहासाचे ४० पैकी काही, अंतर्गतचे २० पैकी काही आणि उरलेला तो भूगोल. वरण-भात कालवून झाल्यावर वरण वेगळं काढा म्हणण्यासारखं. तरीही मी फोनवर आकडेमोड करून बघितली आणि अर्ध्यात सोडून दिली, कारण समजा निघालाच आकडा, तर तो माझा नव्हता. माझ्याच इतर विषयांनी आपापसांत वर्गणी काढून दिलेला होता.

२१ मार्च २०२०, शनिवार. इतिहासाचा पेपर अकरा ते एक. आमचं केंद्र गावातल्याच दुसऱ्या शाळेत होतं. त्यामुळे दहा वर्षं ज्या शाळेत काढली तिचा शेवट परक्या बाकांवर होणार हे ठरलेलंच होतं. त्या शाळेत विजेची घंटा नव्हती, रुळाचा तुकडा टांगलेला होता. शिपाईकाका तो असा वाजवायचे की पहिल्या पेपरला माझ्या हातून बारकोडचं स्टिकर तिरकं चिकटलं होतं. ३ मार्चला मराठीने सुरुवात झाली तेव्हा आवारात बाकीच्या वर्गांची पोरं होती, गोंगाट होता. नंतर शाळांना सुट्टी दिली, आमचे पेपर तेवढे चालू राहिले. शेवटच्या आठवड्यात अख्ख्या शाळेत फक्त आम्ही. व्हरांड्यातून जाताना रिकाम्या वर्गांमधले फळे दिसायचे, त्यावर गेल्या आठवड्याची तारीख आणि पटसंख्या तशीच. पर्यवेक्षक सरांनी नाकावर रुमाल बांधला होता आणि उत्तरपत्रिका वाटताना तो सारखा खाली घसरत होता. आम्हाला हसू येत होतं. त्या दिवसापर्यंत आम्हाला त्या सगळ्याचं हसूच येत होतं.

पेपर सुटल्यावर गेटवर नेहमीची गर्दी. टीपा काय लिहिल्या, कारणं कुठली सोडवली, कुणी पुरवणी घेतली. पण इतिहासात आता कुणाचा जीव नव्हता. सोमवारी शेवटचा पेपर, भूगोल, आणि सोमवारी दुपारी एकनंतर काय काय करायचं याची यादी महिनाभर चालली होती. पांढरे शर्ट घालून यायचं, म्हणजे पाठीवर सह्या घेता येतील. तिथून सायकली काढून सगळ्यांनी आपल्या शाळेत जायचं, टाकीला तोंड लावून पाणी प्यायचं, बाईंना भेटायचं. मग रसवंती. मी दोन मार्कर घेऊन ठेवले होते, एक काळा, एक जांभळा. तेवढ्यात कुणाच्या तरी वडिलांनी गाडीवर बसल्या बसल्या फोनमधून वाचून दाखवलं की सोमवारचा पेपर पुढे ढकललाय. त्या आठवड्यात फोनवर रोज पन्नास गोष्टी येत होत्या, खऱ्या-खोट्याची कुणालाच खात्री नव्हती. मागून कुणीतरी 'हुर्रे' केलं. मग सगळ्यांनीच केलं, मीपण. भूगोलाचा माझा निम्मा अभ्यास व्हायचा होता. ऊन मी म्हणत होतं, आणि उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता. आम्ही सायकलींची कुलपं काढली.

"चल, बाय."

बस्स, एवढंच. चाळीस जणांपैकी जेमतेम दहा-बारा मला त्यानंतर समोरासमोर भेटले असतील.

खरं तर निरोप आम्ही रीतसर घेतला होता. फेब्रुवारीत समारंभ झाला होता, दरवर्षी होतो तसाच. मुली आयांच्या साड्या नेसून आल्या होत्या, निऱ्या पिनांवर तरलेल्या. मुलांनी कोट मागून आणले होते, त्यातला एक तर तीन जणांनी आळीपाळीने घालून फोटो काढला. शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, जसं आमच्या आधीच्या बहुतेक वर्गांनी दिलं होतं. कार्यालयातल्या एका भिंतीवर चार घड्याळं चार वेळा दाखवत होती. मुख्याध्यापकांनी पंखात बळ आल्याचं सांगितलं, नववीच्या मुलीने पाठ केलेलं भाषण मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि तिसऱ्या भाषणाला ठरल्यासारखं रडू फुटलं. एकीला रडताना बघून दुसरी, दुसरीला बघून तिसरी. मीही रडले, पण एक डोळा काजळावर ठेवून. त्या रडण्याला मी खोटं म्हणणार नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेचे पेपर वाटायचे होते म्हणून सगळे पुन्हा त्याच बाकांवर हजर होते, काल रडलेल्या मुली कपडे वाळत घातल्यासारख्या निवांत. घरी जायचं नसलेल्या पाहुण्याने दारात उभं राहून निरोप घ्यावा, तसा तो समारंभ. खरा निरोप त्या गेटवर, शेवटच्या पेपरनंतर, शाईने बरबटलेल्या शर्टांत व्हायचा असतो. तिथे कुणी सूत्रसंचालन करत नाही.

आता तिच्याबद्दल लिहायला हवं. इतका वेळ टाळत होते.

पाचवीपासून आम्ही एका बाकावर. भूगोलात आमची वाटणी ठरलेली. नकाशाची बाह्यरेषा मी काढायची, कारण माझा हात स्थिर. सूची तिची. नकाशाशेजारी छोटे छोटे चौकोन आखून, एकेकात एकेक खूण भरून, समोर मोत्यांसारख्या अक्षरात नावं लिहायचं काम ती अशा प्रेमाने करायची की बाई तिची वही वर्गात फिरवायच्या. मला सूचीचा कंटाळा. बाई म्हणायच्या, "सूची नाही, तर नकाशा मुका." आमच्या या बाई कधी महाराष्ट्राबाहेर गेल्या असतील असं वाटत नाही, पण दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवरच बेतलेलं असल्याने वर्षभर त्या ब्राझीलबद्दल सासरच्या गावाबद्दल बोलावं तशा बोलल्या. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्या दोन देशांना ब्राझीलची सीमा लागत नाही, हा त्यांचा आवडता प्रश्न. चिली आणि इक्वेडोर, हे माझ्या तोंडून आजही लग्नाच्या पंगतीत निघू शकतं. पहिल्या तासाला त्या कधी कधी मध्येच थांबून विचारायच्या, "आत्ता ब्राझिलियात किती वाजले असतील?" आणि आम्ही साडेआठ तास मागे मोजायला लागायचो.

जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेला आमचे बाक मागे-पुढे आले होते. नकाशाच्या प्रश्नात पँटानलची दलदल दाखवायची होती. तिने पेन खाली पाडला, उचलताना पुटपुटली, "पँटानल?" मी माझा नकाशा थोडा तिरका धरला. त्यात पँटानल वर उजवीकडे, ईशान्येला, नेमकी अवर्षण चतुष्कोनात होती. जिथे पाऊस पडत नाही म्हणून पुस्तकात वेगळा परिच्छेद आहे, तिथे मी दलदल नेऊन ठेवली होती. तिने तशीच उतरवली, खाली सुंदर सूचीही दिली. पेपर हातात आले तेव्हा तिचा नकाशा चुकलेला आणि माझा बरोबर. मी शेवटच्या पाच मिनिटांत खोडून खाली नैर्ऋत्येला, पॅराग्वेच्या बाजूला, पुन्हा काढली होती. तिला कळवायला वेळ नव्हता, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मागं वळायला किती वेळ लागतो?" त्या परीक्षेत आमच्या दोघींत तीन मार्कांचा फरक होता आणि ती माझ्यापुढे होती, हेही खरं. मी मुद्दाम केलं का? तेव्हा मी आईची शपथ घेऊन नाही म्हणाले होते. आज तीच शपथ घ्यायला सांगितली तर मी विषय बदलेन. खोडताना मला तिची आठवण झाली होती, एवढं नक्की आठवतं.

त्यानंतर ती शेजारी बसायची पण बोलायची नाही. सराव परीक्षा, समारंभ, तोंडी, सगळं असंच मुक्याने पार पडलं. समारंभाच्या फोटोत आम्ही शेजारी उभ्या आहोत, दोघींच्या साड्या एकाच रंगाच्या, कारण ते भांडणाच्या आधी ठरलं होतं. मधली एक मैत्रीण निरोप्याचं काम करायची. मार्चमध्ये तिच्याकडून निरोप आला, "पेपर होऊ देत. भूगोल झाला की बोलू." मला हसू आलं आणि बरंही वाटलं, कारण तिने भूगोलच निवडला होता. शनिवारी गेटवर आमची नजरानजर झाली, तिने भुवया किंचित उचलल्या, म्हणजे सोमवारी. मीही मान हलवली.

रविवारी जनता कर्फ्यू होता, संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर थाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी आईने नेहमीसारखं दही-साखर हातावर ठेवलं. म्हटलं, "अगं, पेपर नाहीये." तर म्हणाली, "विरजण लावलंच होतं, खा." अकरा वाजता मी उगाचच पॅड घेऊन बसले. आत्ता ब्राझिलियात रात्रीचे अडीच, असं मनात मोजलं आणि पुस्तक मिटलं. कपाटाच्या दारावर आईने वेळापत्रक चिकटवलं होतं, एकेक पेपर झाला की ती लाल पेनाने काट मारायची. सगळ्यावर काट, एक ओळ मोकळी. मग नव्या तारखेची वाट बघणं सुरू झालं. तीन आठवडे मी ब्राझीलचा जितका अभ्यास केला तितका वर्षभरात केला नव्हता. रोका शेती, फावेला, अजस्र कडा, सगळं तोंडपाठ. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर रद्दच झाल्याचं जाहीर झालं तेव्हा मी पलंगावर उड्या मारल्या. धाकट्या भावाला उचलून फिरवलं. तो आनंद नव्हता असं आज मी कसं म्हणू? शाळेची आठवण, अपुरेपण, हुरहूर वगैरे शब्द फार नंतर आले, आणि बरेचसे लिहायला लागल्यावर आले. त्या दिवशी फक्त सुटका होती. सुटका केवळ पेपरातून नव्हती हेही तेव्हा आतून माहीत होतं. भूगोल झाला नाही म्हणजे बोलायचीही वेळ आली नाही.

त्या वेळापत्रकातली मोकळी ओळ दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तशीच होती. कागद काढताना चिकटपट्टीबरोबर दाराचा रंगही निघाला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २९ जुलैला निकाल लागला, घरात बसून मोबाइलवर. राज्याचा निकाल ९५.३० टक्के, आदल्या वर्षी ७७.१० होता, त्यामुळे पेढे द्यायला गेलं की लोक पेढा तोंडात टाकत म्हणायचे, "यंदा काय, सगळ्यांनाच वाटलेत." आदल्या वर्षी बंद केलेले अंतर्गत गुण आमच्या वर्षी परत आले होते, हे पेढा खाणाऱ्याला कोण समजावणार! मग 'कोरोना बॅच' हे नाव चिकटलं. खरी कोरोना बॅच आमच्या पाठची. २०२१ साली त्यांची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. आम्ही म्हणजे नऊवारीवर स्लीव्हलेस, धड इकडचे ना तिकडचे. परीक्षा दिली म्हणावं तर एक पेपर कमी, दिली नाही म्हणावं तर हाताला घट्टे पडेस्तोवर लिहिलेलं. अकरावीचे प्रवेश रखडले, वर्ग फोनवर भरले. बारावीला 'शाळा तिथे केंद्र' होतं. म्हणजे ज्या कॉलेजचं तोंडही नीट बघितलं नव्हतं तिथे शेवटचे पेपर दिले, आणि ज्या शाळेत दहा वर्षं गेली तिथे एकही नाही. बारावीचा शेवटचा पेपर मात्र झाला. सह्या झाल्या, फोटो झाले. माझ्या शर्टवर ज्यांनी सह्या केल्या त्यातल्या निम्म्यांची पूर्ण नावं मला आज सांगता येणार नाहीत.

दहावीचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे. वर्षातून दोनदा कुणीतरी लिहितं, "भेटूया का?" मग अंगठे येतात, तारखा येतात, कुणीतरी पुण्यात असतं, कुणाची नोकरीची परीक्षा असते, आणि चर्चा गणपतीच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. तीही त्या ग्रुपवर आहे. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना ग्रुपवर शुभेच्छा देतो, केकच्या चित्रासकट, जशा इतर अडतीस जणांना देतो. पेपर झाला असता तर आम्ही नक्की बोललो असतो का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. कदाचित सह्यांच्या गडबडीत तेही राहिलं असतं. पण तेव्हा निदान राहिलं कुणामुळे हे तरी ठरवता आलं असतं. आता सगळा दोष साथीवर ढकलायची सोय आहे, आणि ती मी वापरत आलेय.

परवा पुन्हा मामाकडे जाणं झालं. मामेबहिणीचं पूर्वपरीक्षेचं भूत उतरलं होतं आणि ती कुणावर तरी सूड घ्यायच्या मनःस्थितीत होती. "ताई, तू भूगोलाचा पेपर दे. मी तपासते. चाळीस मार्क, दोन तास." मी नाही म्हणायच्या आत तिने पॅड माझ्या मांडीवर ठेवलं आणि फोन काढून घेतला. मामीने विचारलं, "चहा?" तर म्हणाली, "परीक्षार्थींना चहा नाही." मी खरंच बसले. आधी चेष्टेत, मग पंधरा मिनिटांनी मान खाली. ब्राझीलचा किनारा दंतुर नाही, हे आठवलं. लोकसंख्येचा आलेख काढताना प्रमाण चुकलं. भौगोलिक कारणे द्या मध्ये दोन ओळी कारणं आणि चार ओळी शब्द. चिली-इक्वेडोर आलं नाही, त्याचं वाईट वाटलं. शेवटी नकाशा. ॲमेझॉन, ब्राझिलिया, अवर्षण चतुष्कोन, आणि चौथी पँटानल. हात अजून स्थिर आहे. ईशान्येला चतुष्कोन काढला आणि खाली डावीकडे येऊन दलदल भरली, बारीक आडव्या रेघांनी, पेन्सिल न उचलता.

परीक्षकबाईंनी लाल पेनाने तपासून २६ दिले. वर शेरा, "अभ्यास वाढवा." मी फोन परत मागितला, नकाशाचा फोटो काढला. ग्रुपवर टाकणार होते, तिथे चेष्टा झाली असती आणि विषय संपला असता. बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग तिच्या नंबरवर पाठवला. खाली काही लिहिलं नाही. मामेबहीण विचारत होती की आलेखाचे मार्क तुला पटले का, मी हो म्हणत होते.

रात्री जेवताना फोन वाजला. तिने फोटो मोठा करून बघितला असणार, कारण तपासणाऱ्या पोरीच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट तिला दिसली होती.

"सूची कुठंय?"